एकरी पाच किलो पावडर, पण माशाच्या पोटात किती?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरच्या शेतीच्या पानावर माशांच्या रोगांवर अर्धं पान सल्ला आला होता, फोटोसकट. बघून आधी बरंच वाटलं, कारण पिकांवरच्या किडीबद्दल रोज काहीतरी छापून येतं आणि गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीला कोणी विचारत नाही. पण तिसऱ्याच परिच्छेदात "अंगावर लाल चट्टे दिसल्यास जिवाणूजन्य रोग समजून ऑक्सिटेट्रासायक्लिन एकरी पाच किलो पाण्यात सोडावे" असं वाक्य वाचलं (ऑक्सिटेट्रासायक्लिन म्हणजे एक अँटिबायोटिक) आणि डोक्यावर हात मारून घेतला. असली वाक्यं कापून भिंतीला चिकटवणारे लोक असतात हो साहेब. आम्ही पण त्यातलेच होतो, म्हणून तर हे पत्र.

आधी हिशोब करून बघूया, फार अवघड नाहीये. एक एकर तळं, पाणी दीड मीटर, म्हणजे साधारण 6,000 घनमीटर, म्हणजे 60 लाख लिटर पाणी. त्यात पाच किलो पावडर टाकली तर लिटरला एक मिलिग्रॅम सुद्धा येत नाही, आणि हे पण पावडर शंभर टक्के शुद्ध धरून, जी कधीच नसते. टाकीत बुडवून उपचार करायचा म्हटलं तर याच्या कितीतरी पट लागतं. वर हे ऑक्सिटेट्रासायक्लिन पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून बसतं आणि उन्हात त्याचं विघटन होतं, त्यामुळे जड (क्षारांच्या) पाण्यात जे काही थोडंफार टाकलं तेही माशापर्यंत पोचत नाही. मग जातं कुठे, तर गाळात. तिथल्या जिवाणूंना हळूहळू सवय लागायला हा डोस मात्र अगदी बरोब्बर आहे!

आता आमचं सांगते. मी आणि माझे दीर मिळून तळी बघतो, हिशोब माझ्याकडे आणि पाण्यातलं काम भाऊजींकडे. एका वर्षी पाणी 30-31 डिग्रीला गेलेलं आणि कार्प माशांच्या तळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड मारायला लागले. एक-दोन दिवसात पाच-सात मेलेले, काहींच्या पाठीवर पांढुरका-पिवळट पट्टा, काहींच्या परांच्या मुळाशी लाली. खाद्य विकायला येणारा एक माणूस होता (नाव कशाला घ्यायचं), त्याने काठावर उभं राहूनच सांगितलं, मासा हातात सुद्धा न घेता, की बॅक्टेरिया आहे वहिनी, पावडर टाका. भाऊजींनी बादलीत कालवून चारी बाजूंनी टाकली. दुसऱ्या दिवशी चाळीस मेले, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. तो म्हणाला डोस कमी पडला, अजून टाका. आम्ही अजून टाकली!! आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

सहाव्या दिवशी एक ओळखीच्या बाई आल्या, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या, सोबत जुना मायक्रोस्कोप घेऊन. त्यांनी पहिलं काय केलं असेल तर तडफडणारा एक मासा काढला आणि कल्ल्याचं झाकण उचलून मला दाखवलं. निरोगी माशाचे कल्ले चेरीसारखे लालभडक असतात, कंगव्यासारखा एकेक दात वेगळा दिसतो. याचे कडेने मातकट पिवळे पडलेले आणि टोकं झडून कंगवा मोडल्यासारखे दिसत होते. त्यातला चिमूटभर चिकटा काचपट्टीवर घेतला, पाण्याचा थेंब, वर झाकणकाच, आणि म्हणाल्या पाच मिनिटं थांबा. मग मला डोळा लावायला सांगितला. बारीक लांब काड्या, केसापेक्षा कितीतरी बारीक, वाकत वळत सरपटत होत्या, आणि बघता बघता कल्ल्याच्या कडेला त्यांचे ढीग उभे राहिले, अगदी गवताच्या गंज्या लावल्यासारखे. त्या म्हणाल्या हा कॉलम्नॅरिस. फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नॅरे नावाचा जिवाणू, त्याच्या या खांबासारख्या ढिगांवरूनच नाव पडलंय, आणि 1922 साली डेव्हिस नावाच्या शास्त्रज्ञाने त्याचं पहिलं वर्णन केलं ते पण मायक्रोस्कोपखाली असंच बघून. शंभर वर्षं जुनी ओळख, पाच मिनिटांचं काम, आणि आम्ही सहा दिवस बादल्या ओतत बसलो.

कल्ले गेले की मासा श्वासच घेऊ शकत नाही, पाण्यात ऑक्सिजन असला तरी. म्हणून गरम पाण्यात हा रोग कल्ल्यात शिरला की एक-दोन दिवसात तळं खलास करू शकतो, बाहेर फारसं काही दिसायच्या आधीच. आणि त्या बाईंनी अजून एक सांगितलं जे मला कुठल्या सल्ल्यात वाचायला मिळालं नव्हतं, की नमुना लॅबला पाठवाल तेव्हा कॉलम्नॅरिसचा संशय आहे असं आधीच लिहा, कारण हा जिवाणू लॅबमधल्या नेहमीच्या पौष्टिक माध्यमावर (जंतू वाढवायच्या खाद्यावर) नीट वाढत नाही, त्याला कमी पोषणाचं वेगळं माध्यम लागतं. सांगितलं नाही तर प्लेटवर दुसराच कोणीतरी, बहुतेक वेळा एरोमोनास, फोफावतो आणि रिपोर्टमध्ये त्याचंच नाव येतं. म्हणजे चोर पळून जातो आणि गर्दीत उभा असलेला पकडला जातो.

या एरोमोनासबद्दल पण सांगायला पाहिजे कारण लाल चट्ट्यांचा दोष बहुतेक त्याच्यावर जातो आणि बऱ्याचदा बरोबरही असतो. एरोमोनास हायड्रोफिला. चट्टे, पोटात पाणी साठून जलोदर, खवले उभे राहिलेले, डोळे बाहेर आलेले, हे सगळं तो करतो. पण हा जिवाणू गोड्या पाण्यात सगळीकडे असतोच, निरोगी माशाच्या आतड्यात सुद्धा असतो. पाणी तपासलं तर सापडणारच. मग कालपर्यंत शेजारी राहणारा आज घरात का घुसला हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पावडरच्या डब्यात नसतं. (सगळे एरोमोनास सारखेच गरीब नसतात हेही खरं, अमेरिकेत अलाबामा राज्यात 2009 पासून कॅटफिशच्या तळ्यांमध्ये एक जास्त घातक प्रकार पसरला आणि त्याने विकायला आलेले मोठे मासे मारले.) स्निएस्को म्हणून माशांच्या रोगांचे मोठे अभ्यासक होऊन गेले, त्यांनी 1974 मध्ये तीन वर्तुळं काढून दाखवली होती, एक मासा, एक जंतू, एक परिसर, आणि तिन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथे रोग. सोपं चित्र आहे, छापायला जागा पण फार लागणार नाही.

आमच्या बाबतीत तिसरं वर्तुळ काय होतं ते नंतर वहीत बघितलं तर सरळ दिसलं. रोग दिसायच्या आठ दिवस आधी आम्ही विरळणीसाठी (तळ्यातली दाटी कमी करायला) जाळं ओढलेलं. जाळ्यात मासे एकमेकांवर घासतात, अंगावरचा चिकटा जातो, आणि हा चिकटा म्हणजे माशाची पहिली भिंत असते. त्याच आठवड्यात वाढ कमी दिसते म्हणून मी खाद्य वाढवलं (माझी चूक, भाऊजी नको म्हणत होते). उरलेलं खाद्य कुजलं, अमोनिया वाढला. आता अमोनियाची गंमत अशी की टेस्ट किटवर येतो तो एकूण आकडा, त्यातला विषारी भाग किती ते पाण्याच्या सामूवर (पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी) आणि तापमानावर ठरतं. 30 डिग्रीला सामू 7 असेल तर जेमतेम एक टक्का विषारी, 8 ला साडेसात टक्क्यांच्या आसपास, आणि 9 ला गेला की जवळजवळ 45 टक्के. शेवाळ दाट असलं की दुपारी सामू चढतो, म्हणजे सकाळी ठीक वाटणारं तेच पाणी दुपारी तीन वाजता कल्ले जाळत असतं. आणि रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, त्यामुळे उजाडायच्या जरा आधी ऑक्सिजन सगळ्यात खाली. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर असेल तर मासे खुश, तीनच्या खाली रोज रात्री गेला तर मासा मरणार नाही लगेच, पण त्याची प्रतिकारशक्ती रोज थोडी थोडी जाते. आम्ही मीटर घेऊन जायचो सकाळी दहाला, नाष्टापाणी उरकून. दहाला आकडा मस्त यायचा!

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मासे मेले की आधी पहाटेचा ऑक्सिजन, अमोनिया आणि सामू बघा, मग कल्ले बघा, मग नमुना द्या, आणि औषधाचं नाव त्यानंतर काढा. तुमच्या सल्ल्यात औषध पहिल्या नंबरला आहे आणि पाणी कुठेच नाही.

दुसरं म्हणजे "जिवाणूजन्य रोग" असा काही एक रोग नसतो. तिलापिया माशामध्ये स्ट्रेप्टोकोकस येतो, पाणी 30 च्या वर गेलं की जास्त, तेव्हा मासा गोल गोल फिरतो, कधी वाकडा होऊन पोहतो, डोळे फुगतात किंवा दुधाळ होतात, कारण जंतू मेंदूपर्यंत गेलेला असतो. त्यातल्या एकाचं नाव स्ट्रेप्टोकोकस इनिई, 1976 मध्ये तो पहिल्यांदा सापडला तो मासा नव्हताच, ॲमेझॉनचा गोड्या पाण्यातला डॉल्फिन होता, इनिया त्याचं नाव. कॅटफिशमध्ये एडवर्डसिएला इक्टालुरी, तो उलट मधल्या तापमानात, साधारण 20 ते 28 डिग्रीत उसळतो, आणि जुनाट झाला की डोक्याच्या मधोमध चक्क भोक पडतं. पंगासियस माशामध्ये तोच जिवाणू बाहेरून काहीच दाखवत नाही, पोट फाडलं की किडनी, यकृत, पाणथरीवर पांढरे ठिपके. आणि लाल जखम दिसली म्हणून जिवाणूच असेल असंही नाही, एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम नावाचा रोग बुरशीसारख्या जीवामुळे होतो, त्याच्या जखमा बघून भलेभले फसतात, आणि आर्ग्युलस म्हणजे माशाची ऊ चावली की त्या जागेवर पण लालच दिसतं. ऊ असेल तर अँटिबायोटिक काय करणार? ऊ काढा ना आधी.

नमुन्याबद्दल दोन शब्द, कारण लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात आणि मग म्हणतात लॅबवाल्यांना काही सापडत नाही. तरंगून फुगलेला मासा पाठवू नका. मेल्यावर थोड्याच वेळात आतड्यातले जंतू अंगभर पसरतात, गरम पाण्यात तर विचारूच नका, मग प्लेटवर शंभर गोष्टी उगवतात आणि त्यातली मारणारी कोणती ते देवालाच माहीत. मरायला टेकलेला, कडेला सुस्त पडलेला, कळपातून बाजूला झालेला मासा धरा. जिवंत नेता आला तर उत्तम, नाहीतर पिशवीत घालून बर्फात, पण फ्रीजरमध्ये नको. सोबत पाण्याची बाटली वेगळी. आणि एका कागदावर लिहा, मरतूक कधी सुरू झाली, रोज किती, काय काय टाकलं. "काय काय टाकलं" हे खरं लिहा, कारण आधीच पावडर टाकली असेल तर जंतू प्लेटवर वाढतच नाही कधी कधी आणि रिपोर्ट कोरा येतो. आमचा पहिला रिपोर्ट तसाच आला होता.

आता औषध द्यायचंच असेल, म्हणजे जंतू कळला, कोणत्या औषधाने मरतो त्याची चकत्यांची टेस्ट झाली, आणि पशुवैद्य किंवा मत्स्य तज्ज्ञांनी लिहून दिलं, तर ते खाद्यातून जातं आणि डोस एकरावर नसतो, माशांच्या एकूण वजनावर असतो. उदाहरण म्हणून सांगते, नक्कल करू नका. समजा 2,000 मासे, सरासरी पाव किलोचे, म्हणजे 500 किलो मासा. फ्लोरफेनिकॉल या अँटिबायोटिकचा नेहमीचा डोस किलोला रोज 10 मिलिग्रॅम, दहा दिवस. झाले रोजचे 5 ग्रॅम, सगळा कोर्स 50 ग्रॅम. कुठे 50 ग्रॅम आणि कुठे पाच किलो! आणि एवढं करून सुद्धा एक अडचण राहतेच, की आजारी मासा खात नाही. खाद्यातलं औषध खातात ते अजून धडधाकट असलेले, त्यामुळे उशीर झाला की आजारी आहेत ते बहुतेक जातातच, बाकीचे वाचवायचे असतात. म्हणून पहिल्या दोन दिवसात रोग ओळखला तर उपयोग. आणि तिसऱ्या दिवशी मरतूक कमी झाली म्हणून कोर्स अर्धवट सोडायचा नाही, हे माणसांच्या डॉक्टरांनी आपल्याला इतक्या वेळा सांगितलंय की माशाच्या बाबतीत पुन्हा सांगायची गरज पडू नये, पण पडते.

काही वेळा औषध न देता नुसतं खाद्य बंद केलं तरी मरतूक उतरते, स्ट्रेप्टोकोकस आणि एडवर्डसिएला दोन्हीमध्ये हे वापरतात, कारण हे जंतू पसरायला मेलेला मासा खाणं आणि खायला गर्दी करणं हा मोठा रस्ता असतो. मेलेले मासे रोज दोनदा काढणं हेही औषधच समजा. कंटाळवाणं काम आहे, वास येतो, पोरं पळून जातात, पण त्याला पैसे लागत नाहीत.

औषध दिल्यावर मासा विकायचा कधी, यावर तर तुमच्या सल्ल्यात एक ओळ पण नाही. प्रत्येक औषधाच्या लेबलवर थांबायचा काळ असतो, आणि मासा थंड रक्ताचा असल्यामुळे थंड पाण्यात औषध अंगातून निघायला वेळ लागतो. म्हणून काही ठिकाणी हा काळ डिग्री-दिवसांत मोजतात, म्हणजे पाण्याचं तापमान गुणिले दिवस. समजा 500 डिग्री-दिवस असतील तर 25 डिग्रीच्या पाण्यात 20 दिवस, 10 डिग्रीच्या पाण्यात 50. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही जंतू मारणारी औषधं तर खाण्याच्या प्राण्यांमध्ये किती तरी देशांत पूर्ण बंद आहेत, अवशेष सापडला की अख्खा माल परत. युरोपियन युनियनने 28 जानेवारी 2022 पासून प्राण्यांना अँटिबायोटिक नेहमीचं म्हणून, रोग नसताना, देणंच बंद केलं. आणि गाळातल्या सवय झालेल्या जंतूंची गोष्ट तळ्यात संपत नाही, एरोमोनास आपली औषधाला दाद न देण्याची जनुकं प्लाझ्मिडवरून (जिवाणूंमधल्या डीएनएच्या सुट्या कड्यांवरून) ई. कोलाय सारख्या दुसऱ्या जिवाणूंना देऊ शकतो. उद्या ते औषध माणसाला लागलं तर?

लोक म्हणतील बाई नुसती नकारघंटा वाजवतेय, औषध नको तर काय करायचं. तर लस आहे की. रेनबो ट्राउटमध्ये यर्सिनिया रुकेरी नावाच्या जिवाणूमुळे तोंड लाल होण्याचा रोग होतो, त्याची लस अमेरिकेत 1976 मध्ये परवाना मिळून बाजारात आली, पिल्लं लसीच्या पाण्यात बुडवून काढायची, बस. नॉर्वेत 1987 साली सामन माशांवर जवळजवळ 50 टन अँटिबायोटिक वापरलं जायचं. नंतर टोचून द्यायच्या तेलातल्या लसी आल्या, पिल्लं समुद्रात सोडायच्या आधी गोड्या पाण्यात असतानाच देतात, आणि आज उत्पादन कितीतरी पटीने वाढून सुद्धा वापर एक टनाच्या आसपास किंवा त्याखाली राहतो. आमच्या कार्पसाठी अशी हाताशी येणारी लस अजून फारशी नाही हे कबूल, पण तोपर्यंत नवीन बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणली की दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणं, एका तळ्याचं जाळं उन्हात खडखडीत वाळवल्याशिवाय दुसऱ्यात न टाकणं, पीक काढल्यावर तळं सुकवून चुना मारणं, एवढं तर होतं ना? आम्ही आता दोन तळ्यांना दोन जाळी ठेवलीत, एकाला लाल दोरी, एकाला निळी. भाऊजी सुरुवातीला हसायचे.

खाणाऱ्यांनी घाबरू नये म्हणून एक गोष्ट लिहिते, नाहीतर हे पत्र वाचून लोक मासे सोडतील आणि शिव्या मला पडतील. नीट शिजवलेल्या माशातून हे जंतू लागत नाहीत. सिंगापूरमध्ये 2015 साली स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टीचा एक प्रकार माणसांना लागला तो गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाल्ल्यामुळे. बाकी धोका आमच्यासारख्या पाण्यात हात घालणाऱ्यांना जास्त, बोटाला काटा रुतला किंवा कापलं असेल तर एरोमोनास जखमेत जातो, मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू तर आठवडेच्या आठवडे न भरणारी गाठ करतो. हातमोजे घाला आणि डॉक्टरकडे गेलात तर माशांचं काम करतो हे आपणहून सांगा, त्याशिवाय त्यांच्या डोक्यात ते येत नाही.

शेवटी विनंती अशी की त्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी, शेतीच्या पानावरच, कोपऱ्यात नको. फार लिहायची गरज नाही. "एकरी पाच किलो पाण्यात" हे काढा, "तपासणीनंतर, माशांच्या एकूण वजनावर, खाद्यातून, लेबलवरचे सगळे दिवस" एवढं घाला. सोबत दोन फोटो पाठवतेय, एक चांगल्या कल्ल्याचा आणि एक आमच्या त्या सहाव्या दिवसाच्या माशाचा. जागा एकालाच असेल तर दुसरा छापा.

आपली,
एक मत्स्यपालक
(नाव छापू नये, खाद्यवाला अजून आमच्याकडेच येतो)